समृद्ध अध्ययनातून सर्जनशीलतेची जोपासना : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसंबंधी काही विचार

निवासी शाळेची स्मरणिका हाती घेतली की साहजिकच मागे वळून पाहिले जाते. किती विद्यार्थी शिकून गेले, किती पदवीधर झाले, कोण शिक्षक, कोण परिचारिका, कोण अभियंता, कोण अधिकारी झाले, याचा हिशेब मांडला जातो. तो मांडलाच पाहिजे. कारण ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षराची बंदी होती, त्या घरांतील प्रत्येक पदवी ही साऱ्या समाजाची कमाई आहे. तथापि या हिशेबात एक रकाना बहुधा कोराच राहतो. आपल्या मुलामुलींनी महाविद्यालयात काय मिळवले, हे आपण आवर्जून विचारतो. त्यांनी तेथे स्वतःचे असे काय निर्माण केले, हे मात्र क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात आम्ही या कोऱ्या रकान्याचा विचार करणार आहोत.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. सर्जनशीलता ही काही भाग्यवंतांनाच जन्मतः लाभते, हा समज चुकीचा आहे. ज्या विद्यार्थ्याला स्वतःचा प्रश्न सापडला आहे, त्या प्रश्नाचा शोध घेण्यास लागणारी साधने व सवड मिळाली आहे, आणि ज्याचे काम मनापासून वाचणारे-ऐकणारे कोणी आहे, त्याच्या ठायी सर्जनशीलता वाढीस लागते. प्रश्न, साधने व सवड, आणि वाचक या तीन गोष्टी पुरविणाऱ्या शिक्षणास आम्ही समृद्ध अध्ययन म्हणतो. हे शिक्षण खर्चिक नसते, हेही आम्हांस दाखवावयाचे आहे.

सर्जनशीलतेचे स्वरूप

सर्जनशील म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कवी, चित्रकार किंवा गायक उभा राहतो. वार्षिक स्नेहसंमेलनात ज्याने गाणे म्हटले तो कलावंत, आणि जो मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवीत होता तो सामान्य, अशी विभागणी नकळत होऊन जाते. मानसशास्त्राला ही विभागणी मान्य नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० साली तेथील मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून केलेले भाषण या विषयाच्या अभ्यासाचा आरंभबिंदू मानले जाते. मानसशास्त्रीय संशोधनाच्या सूचीतील सुमारे १,२१,००० नोंदींपैकी केवळ १८६ नोंदी सर्जनशीलतेशी संबंधित आहेत, हे त्यांनी त्या भाषणात दाखवून दिले आणि सर्जनशीलता कमीअधिक प्रमाणात सर्वांच्याच ठायी असते, अशी मांडणी केली.

गिलफर्ड यांनी विचाराच्या दोन दिशा सांगितल्या. एका ठरलेल्या अचूक उत्तराकडे नेणारा तो अभिसारी विचार, आणि एकाच प्रश्नातून अनेक वाटा शोधणारा तो अपसारी विचार. ‘विहिरीची खोली ४० फूट व पाणी १२ फूट, तर रिकामा भाग किती?’ या प्रश्नास एकच उत्तर आहे. ‘आपल्या गावची सार्वजनिक विहीर दहा वर्षांपूर्वी मे महिन्यातही आटत नव्हती, आता मार्चमध्येच का आटते?’ या प्रश्नास मात्र पाऊस, पीकपद्धती, बोअरवेल, ओढ्यातील वाळूउपसा, लोकसंख्या अशा अनेक दिशांनी जावे लागते. पहिल्या प्रश्नाची गरज संपत नाही. दुसरा प्रश्न सोडविण्यासही वजाबाकी लागतेच. पण केवळ पहिल्याच प्रकारचे प्रश्न सोडवीत जो पदवीधर होतो, त्याला दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नासमोर उभे केले की तो गोंधळतो.

पुढे ई. पॉल टॉरन्स यांनी सर्जनशील विचार मोजण्याच्या चाचण्या तयार केल्या. त्यांत किती कल्पना सुचतात, त्या किती निरनिराळ्या प्रकारच्या आहेत, त्यांत नावीन्य किती आहे आणि एखादी कल्पना तपशिलांनिशी किती फुलविली आहे, या चार अंगांनी विचार तपासला जातो. ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने त्याही आधी, १९२६ साली, सर्जनाच्या चार अवस्था वर्णिल्या होत्या : पूर्वतयारी, परिपाक, स्फुरण आणि पडताळणी. सर्वसामान्य कल्पनेत सर्जन म्हणजे केवळ तिसरी अवस्था, म्हणजे अचानक काही सुचणे. पण ज्याने पूर्वतयारी केलेली नाही त्याला सहसा काही सुचत नाही, आणि ज्याला सवडच मिळत नाही त्याच्या मनात कशाचा परिपाकही होत नाही. सर्जनशीलता जोपासणे म्हणजे या चारही अवस्थांना जागा करून देणे होय.

महाविद्यालयात ती का खुंटते?

आमच्या निवासी शाळांतून बाहेर पडणारी मुले बुजरी असली तरी कल्पनाशून्य नसतात. हस्तलिखितासाठी त्यांनी लिहिलेल्या गोष्टी, भित्तिपत्रकावरील चित्रे, वसतिगृहात जुन्या वस्तूंतून त्यांनी केलेल्या दुरुस्त्या हे सारे आपण पाहिलेले आहे. मग महाविद्यालयाच्या तीन-चार वर्षांत ही कल्पकता कोठे जाते?

पहिले कारण अध्ययनाच्या पद्धतीत आहे. सत्र सुरू होऊन परीक्षा येईपर्यंत हातात जेमतेम काही आठवडे उरतात. त्या घाईत मूळ पुस्तक बाजूला राहते आणि गाइड, नोट्स, अपेक्षित प्रश्नसंच एवढाच विद्यार्थ्याचा ग्रंथसंग्रह होतो. त्यातील उत्तर पाठ करून उतरविले की गुण मिळतात. आता तर हातातील मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात तयार उत्तर लिहून देते. विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच कोठेतरी लिहून ठेवलेले आहे, तो प्रश्न विचारला गेला की उत्तर उतरवूनच आणले जाणार.

दुसरे कारण भाषेचे आणि भिडेचे आहे. पहिल्या पिढीतील विद्यार्थी वर्गात बोलू लागतो तेव्हा त्याची बोली, त्याचे उच्चार, त्याचे आडनाव या साऱ्यांकडे लोक पाहत आहेत, असे त्याला वाटत राहते. चुकलो तर आपल्या एकट्याचे हसे होणार नाही, आपल्या घराचे होईल, या धास्तीने तो गप्प बसणे पसंत करतो. अपसारी विचाराची पहिली अट ही की, चुकीचे वाटणारे उत्तरही मोठ्याने बोलून दाखविता आले पाहिजे. जेथे चुकण्याची किंमत फार मोठी वाटते तेथे कोणी नवी वाट धरीत नाही.

तिसरे कारण आपल्या घराशी संबंधित आहे. घरी शिक्षणाची आस्था असते, पण शिकण्याच्या कामाची ओळख नसते. मुलगी आजीजवळ बसून जुन्या आठवणी वहीत उतरवीत असेल तर ती ‘अभ्यास सोडून गप्पा मारते’ असे वाटते. पाठांतर दिसते आणि ऐकू येते. विचार करणे दिसत नाही.

नागसेनवनाचा दाखला

साधनांची वानवा असतानाही एखादे महाविद्यालय सर्जनाचे केंद्र कसे होऊ शकते, याचे उदाहरण शोधण्यास आपणांस दूर जाण्याची आवश्यकता नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. संस्थेचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली मुंबईत सुरू झाले आणि १९५० साली औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दुसरे महाविद्यालय उघडले. गिलफर्ड यांचे वर उल्लेखिलेले भाषण याच वर्षीचे, हा एक योगायोग. मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ मिळण्यास त्यानंतर आठ वर्षे जावी लागली. अशा मागास ठेवलेल्या प्रदेशात, ज्यांच्या घरी पुस्तक नव्हते अशा मुलांसाठी हे महाविद्यालय वसतिगृहांसह उभे राहिले.

बाबासाहेबांनी त्यास दिलेले नाव विचारात घेण्यासारखे आहे. मिलिंद महाविद्यालय आणि नागसेनवन ही दोन्ही नावे ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथातून आली. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन त्यांची उत्तरे देतात, असे त्या ग्रंथाचे स्वरूप आहे. विशेष असे की, महाविद्यालयास नाव मिळाले ते प्रश्न विचारणाऱ्याचे. उत्तरे देणाऱ्याचे नाव परिसरास लाभले. विद्यार्थी म्हणजे प्रश्न विचारणारा, आणि त्याच्या भोवतीचे सारे वातावरण म्हणजे त्या प्रश्नांना सामोरे जाणारे ज्ञान, असा अर्थ या नामकरणातून आम्हांस प्रतीत होतो.

या वातावरणात काय घडले? प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि ते महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी रंगमंचावर उभे केले. अस्पृश्यतेचा युगानुयुगांचा प्रवास मांडणारे हे नाटक दलित रंगभूमीच्या इतिहासात आरंभीचे म्हणून गणले जाते. ज्यांना तोवर नाटकात पात्र म्हणूनही स्थान नव्हते, ती मुले स्वतःच्या इतिहासाचे पात्र होऊन बोलू लागली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस, येथे मराठीचे अध्यापन करणारे डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ‘अस्मिता’ आणि पुढे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक निघू लागले. त्याने अनेक नवोदितांचे लेखन प्रथम छापले आणि लेखक-वाचक मेळावे भरवून लिहिणाऱ्यास त्याचा वाचक समोरासमोर भेटविला. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातही असेच घडले. १९७२ साली दलित पँथरच्या रूपाने पुढे आलेल्या तरुण लेखक-कार्यकर्त्यांचे तेथे उठणे-बसणे होते. रात्री-रात्री चालणारे वाद, एकमेकांस ऐकविलेल्या कविता, हातोहात फिरणारी पुस्तके हाच त्यांचा खरा वर्ग होता.

या उदाहरणांत श्रीमंत प्रयोगशाळा नाहीत की परदेशी तज्ज्ञ नाहीत. एक जिवंत प्रश्न होता : आमचा इतिहास कोण सांगणार? साधने होती ती ग्रंथालय, रंगमंच, वसतिगृहातील एकत्र जीवन. आणि लिहिलेले वाचणारे, ऐकणारे, प्रसंगी खोडून काढणारे सोबती होते. आम्ही वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या.

समृद्ध अध्ययनाचे तीन टप्पे

हे घडून यावे यासाठी जाणीवपूर्वक योजना करता येते काय? अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाचे जोसेफ रेन्झुली यांनी १९७७ साली अध्ययन-समृद्धीची एक त्रिस्तरीय योजना मांडली. ती शालेय विद्यार्थ्यांसाठी होती. परंतु तिचा गाभा महाविद्यालयासही लागू पडतो. पहिला टप्पा ओळखीचा : अभ्यासक्रमाबाहेरील विषय, माणसे, स्थळे यांचा परिचय व्हावा, म्हणजे कुतूहल जागे होईल. दुसरा टप्पा कौशल्यांचा : निरीक्षण, मुलाखत, मोजमाप, नोंदी, लेखन कसे करावे हे हाताने शिकावे. तिसरा टप्पा शोधाचा : विद्यार्थ्याने एकट्याने वा लहान गटाने खऱ्या प्रश्नाचा खरा शोध घ्यावा आणि तो खऱ्या श्रोत्यांपुढे मांडावा.

हे तीन टप्पे आपल्या परिसरात कसे उतरतील, याची काही उदाहरणे देतो.

अर्थशास्त्र किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला बाजारपेठेचे सिद्धान्त पुस्तकात भेटतात. त्याच्या घरी मात्र कांदा विकून आलेल्या बापाच्या खिशात आडत्याची पट्टी असते. तीत हमाली, तोलाई, वाहतूक अशा कपाती असतात. गावातील वीस शेतकऱ्यांच्या एका हंगामातील पट्ट्या एकत्र करून, शंभर रुपयांच्या मालामागे शेतकऱ्याच्या हाती प्रत्यक्षात किती पडले, हे त्याने काढले तर तो पुस्तकातील प्रकरण पुन्हा उघडेल आणि या वेळी ते समजून घेण्यासाठी उघडेल.

इतिहासाच्या विद्यार्थिनीस १९७२चा दुष्काळ एका परिच्छेदात उरकलेला आढळतो. खडी फोडणाऱ्या, पाझर तलावाच्या कामावर माती वाहणाऱ्या, सुकडीवर दिवस काढणाऱ्या स्त्रिया आज वृद्ध झाल्या आहेत. मजुरी कशी मिळे, तान्ही मुले कोठे ठेवीत, कामावर पाण्याचा माठ वेगळा असे काय, हे प्रश्न त्यांना आज विचारले नाहीत तर आणखी काही वर्षांनी विचारण्यास कोणी उरणार नाही. अशा दहा मुलाखती नीट घेतल्या, तारखा पडताळल्या, एकीच्या सांगण्याशी दुसरीचे सांगणे ताडून पाहिले, तर ते अस्सल ऐतिहासिक साधन होते.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने गावातील पाच विहिरींची पाणीपातळी दर पंधरा दिवसांनी दोरी व वजन वापरून मोजावी आणि शेजारीच पर्जन्यमानाची नोंद ठेवावी. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या आधारे असेच काम मोठ्या प्रमाणावर करते. तिच्या पद्धतीशी आपली पद्धत ताडून पाहता येईल. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीने पावसाळ्यात उगवणाऱ्या टाकळा, कुर्डू, घोळ यांसारख्या रानभाज्यांची नोंद करावी : स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कोठे उगवते, केव्हा खुडतात, कशी शिजवतात, पूर्वी किती मिळे व आता किती. या नोंदीतील निम्मे ज्ञान प्रयोगशाळेत आहे व निम्मे तिच्या आईजवळ आहे.

मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी तर दालन खुलेच आहे. गी प्वातव्हाँ व हेमा राईरकर यांनी कार्यकर्त्यांच्या साहाय्याने गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यांत बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत. दळणाचे काम गिरणीकडे गेले तरी त्या ओव्या म्हणणाऱ्या आज्या काही घरांत आजही आहेत.

या सर्व उदाहरणांत एक समान धागा आहे. या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही गाइडमध्ये नाहीत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेलाही ती देता येणार नाहीत; कारण त्या विहिरीची पातळी आणि त्या आजीची आठवण अद्याप कोणी लिहूनच ठेवलेली नाही. पट्टी, विहीर, रानभाजी आणि ओवी यांच्याजवळ आमचा विद्यार्थी शहरातील विद्यार्थ्यापेक्षा अधिक आहे. ज्यास तो आजवर आपले मागासपण समजत आला, तेच येथे त्याचे साधन होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प, समाज सहभाग, कार्यांतर्गत प्रशिक्षण यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. म्हणजे अशा कामासाठी अभ्यासक्रमात जागा झाली आहे. ती जागा मित्राची फाइल उतरवून भरायची की स्वतःच्या शोधाने, हा निर्णय विद्यार्थ्याचा आणि त्याच्या मार्गदर्शकाचा आहे.

निर्भय वर्ग आणि खरा वाचक

प्रश्न मिळाला, साधने मिळाली, तरी वर्गातील हवा मोकळी नसेल तर काम पुढे जात नाही. येथे ‘मिलिंदपन्ह’मधील एक प्रसंग मार्गदर्शक ठरतो. संवादास आरंभ करण्यापूर्वी नागसेन राजाला विचारतात की, तो पंडितांप्रमाणे वाद करणार आहे की राजांप्रमाणे? पंडितांच्या वादात मुद्द्यांची गुंतवण होते, उकल होते, चूक दाखविली जाते, ती मान्यही केली जाते, आणि त्यामुळे कोणी रागावत नाही. राजांच्या वादात मात्र जो विरोधी बोलेल त्याला शिक्षा होते. मिलिंद पंडितांप्रमाणे वाद करण्याचे मान्य करतो, आणि मगच संवाद सुरू होतो.

आमच्या मते प्रत्येक प्राध्यापकाने, वसतिगृहाच्या प्रत्येक अधीक्षकाने आणि प्रत्येक पालकाने हा प्रश्न स्वतःस विचारावा. विद्यार्थ्याने वेगळे मत मांडले तर आपण त्याचा मुद्दा तपासतो की त्याचा उद्धटपणा? चूक दाखवितो की चुकीची शिक्षा देतो? ज्या समाजाला शतकानुशतके दुसऱ्या प्रकारचा वादच वाट्याला आला, त्याने आपल्या मुलांना पहिल्या प्रकारचा वाद मिळवून दिला पाहिजे.

खऱ्या वाचकाची गरजही तितकीच मोठी आहे. परीक्षक उत्तरपत्रिका तपासतो. तो लेखकाचा वाचक नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांचा १९८५ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी लेखनाची आवड असलेल्या तरुणांकडून कविता लिहून घेतल्या. मध्यंतरी काहींना कीर्ती, पैसा, प्रशंसा अशा बाह्य लाभांचा विचार करावयास लावले. त्यानंतर त्यांनी लिहिलेल्या कविता, परीक्षक असलेल्या कवींना, कमी सर्जनशील वाटल्या. पारितोषिके, गुण, प्रमाणपत्रे यांना स्थान आहेच. पण काम करताना मन त्यांच्यावरच खिळले तर काम उणावते. ‘तुझ्या मोजणीतून काय निघाले?’ असे कोणी उत्सुकतेने विचारणे हे विद्यार्थ्यास पारितोषिकापेक्षा दूरवर नेते.

नोकरी, परीक्षा आणि सर्जन

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पालक म्हणतील, ‘आमच्याकडे जमीन नाही, भांडवल नाही. मुलाने आधी स्पर्धा परीक्षा द्यावी, नोकरी मिळवावी. ओव्या आणि विहिरी मोजून घर कसे चालणार?’ ज्या घरी एका पगारावर पाच माणसे अवलंबून राहणार आहेत, तेथे हा प्रश्न रास्तच आहे.

यावर आमचे उत्तर दुहेरी आहे. पहिले असे की, सर्जनशीलता परिश्रमाला पर्याय नाही. ती परिश्रमातून उगवते. या बाबतीत खुद्द बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेचे उदाहरण घेऊ. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात होते. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. त्यात त्यांनी २९ अभ्यासक्रम घेतले. त्याखेरीज इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम, शिवाय फ्रेंच व जर्मन भाषांचे प्राथमिक शिक्षण, अशी नोंद आहे. रेन्झुलींनी सांगितलेला ओळखीचा टप्पा याहून व्यापक तो काय असणार! आणि मग ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर आपला निबंध वाचला. त्यात त्यांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या एकामागून एक तपासल्या, प्रत्येकीत काय राहून गेले ते दाखविले, आणि जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे मर्म असल्याचे स्वतःचे प्रतिपादन मांडले. पुढच्याच वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. येथे पूर्वतयारी आहे, स्वतःच्या जगण्यातून आलेला प्रश्न आहे, आणि ऐकणारा परिसंवादही आहे. एक विद्यार्थी वर्गात निबंध वाचतो आणि तो निबंध शंभर वर्षांनंतरही अभ्यासला जातो, हे समृद्ध अध्ययनाचे फळ होय.

आमच्या उत्तराचा दुसरा भाग असा की, ज्याने एक प्रश्न मुळापासून स्वतः सोडविला आहे, तो मुलाखतीच्या खोलीत आणि कचेरीच्या मेजावरही निराळा दिसतो. नोंदी ठेवणे, आकडे ताडणे, अनोळखी माणसाशी आदराने बोलणे, लिहिलेले पुन्हा तपासणे ही कौशल्ये कोणत्याही नोकरीत उपयोगी पडतात. शिवाय नोकरी मिळणे हे ध्येयाचे एक पाऊल आहे. आरक्षणाने आपल्याला मेजाभोवती जागा मिळवून दिली. त्या जागेवर बसून स्वतःचे म्हणणे मांडण्याचे बळ मात्र शिक्षणानेच यावयाचे आहे. पाठ केलेली उत्तरे देणारा माणूस ती जागा भरतो खरा, पण तेथून नवे काही सांगत नाही.

आपण काय करू शकतो?

महाविद्यालये आपल्या हातात नाहीत. पण विद्यार्थी आपले आहेत. म्हणून माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे आम्ही काही साध्या सूचना ठेवतो.

पहिली सूचना शाळेसंबंधी. दिवाळीच्या सुटीत महाविद्यालयात शिकणारे माजी विद्यार्थी गावी येतात. त्यांपैकी चार-पाच जणांनी शाळेच्या प्रार्थनागृहात येऊन आपण केलेले काम लहान मुलांना सोप्या भाषेत सांगावे. सांगणाऱ्यास श्रोता मिळेल आणि ऐकणाऱ्यास पुढची वाट दिसेल. त्यांच्या प्रकल्प-अहवालांची एकेक प्रत शाळेच्या ग्रंथालयात निराळ्या फळीवर ठेवावी, म्हणजे पुढचा विद्यार्थी आधीच्याचे काम वाचून तेथून पुढे जाईल.

दुसरी सूचना नोकरीत असलेल्या माजी विद्यार्थ्यांना. आपण कृषी कार्यालयात, दवाखान्यात, बँकेत, विद्युत मंडळात कोठेही असा. एखाद्या विद्यार्थ्यास आपल्या कामाच्या जागी नेऊन, तेथे नोंदी कशा ठेवल्या जातात, अडचणी कोणत्या येतात, हे समजावून सांगण्यास अर्धा दिवस द्या. देणगीचे मोल आहेच. या अर्ध्या दिवसाचे मोल त्याहून कमी नाही.

तिसरी सूचना पालकांना. मुलगी प्रश्न विचारू लागली तर तिला आपल्याला ठाऊक असलेले सांगा, ठाऊक नसेल तर ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याकडे घेऊन जा. आपण कमी शिकलो म्हणून तिच्या अभ्यासात आपला उपयोग नाही, असे मानू नका. आपली शेती, आपले हातचे काम, आपल्या आठवणी हाच तिचा मूळ ग्रंथ असू शकतो.

चौथी सूचना सर्वांना. गावच्या बुद्धविहारात सतरंजी आहे, दिवा आहे, संध्याकाळी माणसे जमतात. महिन्यातून एका संध्याकाळी एका विद्यार्थ्याचे वाचन तेथे होऊ शकते. जयंतीच्या वर्गणीतून एक लहानसा वाटा एसटीचे भाडे, वही, छपाई यांसाठी बाजूला काढला, तर कित्येक विद्यार्थ्यांचे काम पैशांअभावी अडणार नाही.

यांपैकी कोणतीही गोष्ट शासनाच्या मंजुरीसाठी थांबलेली नाही. नागसेनवनाने जे केले ते तुटपुंज्या साधनांनिशी केले. त्या मानाने आज आपल्याजवळ पुष्कळ आहे. शाळेची पुढची स्मरणिका निघेल तेव्हा पदव्यांच्या यादीशेजारी आणखी एक यादी छापता यावी, अशी आमची इच्छा आहे : कोणत्या विद्यार्थ्याने कोणता प्रश्न हाती घेतला आणि त्याला काय आढळले. त्या यादीत पहिल्या वर्षी पाचच नावे आली तरी चालतील. त्या पाच जणांना आपण आजच विचारू या : तुझा प्रश्न कोणता?